मालाडची कात्री

भेडाघाटला नर्मदा संगमरवराच्या कड्यांमधून वाहते. १९६० सालच्या 'जिस देश में गंगा बहती है' या चित्रपटातलं होडीचं गाणं तिथे चित्रित झालं. नाव गंगेचं, पाणी नर्मदेचं. मी राहते ते बरगी भेडाघाटच्या वरच्या अंगाला आहे. इथल्या धरणाचं काम १९७४च्या सुमारास सुरू झालं आणि १९९०च्या आसपास पुरं झालं. म्हणजे त्या गाण्यात दिसते ती धरणाच्या आधीची, मोकळी नदी. इकडच्या माणसांना त्या गाण्याचा अभिमान आहे आणि आपली नदी दुसरीच्या नावावर खपवली याचा थोडा रागही आहे. मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पाहणाऱ्याला कुठेही ठेच लागत नाही. चित्रपट म्हणतो ही गंगा, आणि आपण मान डोलावतो. चित्रपटाचे दिग्दर्शक राधू कर्मकार, राज कपूरचे नेहमीचे छायालेखक. ही अदलाबदल पचवून देणाऱ्या संकलकाचं नाव जी. जी. मयेकर. त्या कामासाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. 'आवारा' आणि 'श्री ४२०'चं संकलनही त्यांचंच.

मयेकर हे आडनाव कुठलं, ते मराठी वाचकाला सांगायला नको. हिंदी चित्रपटाच्या संकलनाच्या खोल्यांमध्ये अशी कोकण-गोव्याकडची नावं पुष्कळ सापडतात. त्यांतल्या एका नावाबद्दल मला लिहायचं आहे, आणि ते लिहायचं तर आधी काही जर्मन माणसांबद्दल लिहावं लागेल.

मी जर्मनमधून मराठीत अनुवाद करते. तुलनात्मक साहित्याचा अभ्यास केल्यामुळे एका संस्कृतीचा माल दुसरीत उतरताना हमाल कोण होता, हे पाहायची सवय लागली आहे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये १९३५ ते १९३९ या काळात काम करणाऱ्या जर्मन तंत्रज्ञांची नामावली या दृष्टीने फार बोलकी आहे. दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन. छायालेखक योझेफ विर्शिंग. नेपथ्याला कार्ल फॉन श्प्रेटी, हा सरदार घराण्यातला तरुण वास्तुशिल्पी. पुढे तो पश्चिम जर्मनीचा राजदूत झाला आणि १९७० साली ग्वातेमालात बंडखोरांनी त्याचं अपहरण करून त्याला ठार मारलं. प्रयोगशाळेत विल्हेल्म झोले. ध्वनीला जर्मन नव्हता, पण लेन हार्टली हा इंग्रज होता. म्हणजे चित्रपट घडवण्याच्या एकेका टप्प्यावर युरोपातून आणलेला एकेक उस्ताद बसला होता. संकलनाच्या टेबलावर मात्र 'अछूत कन्या'च्या श्रेयनामावलीत नाव दिसतं ते दत्ताराम पै यांचं.

हा योगायोग नव्हता असं माझं मत आहे. ते पटवायचं तर दहा वर्षं मागे जायला हवं.

ओस्टेनचं खरं आडनाव ओस्टरमायर. जन्म १८७६चा, म्युनिकचा. त्याचा भाऊ पेटर ओस्टरमायर याने म्युनिकमध्ये जी चित्रसंस्था उभी केली तिला एमेल्का म्हणत. हे नाव म्हणजे संस्थेच्या लांबलचक जर्मन नावातली आद्याक्षरं, एम, एल, के, तोंडाने उच्चारली की जे ऐकू येतं ते. हिमांशु रॉय म्युनिकला पोचला तो याच संस्थेकडे, बुद्धाच्या जीवनावरचा चित्रपट काढायची कल्पना घेऊन. ठरलं असं की पैसा आणि नटसंच हिंदुस्थानचा, यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. १९२५ साली ओस्टेन, विर्शिंग आणि विली किअरमायर हे छायालेखक हिंदुस्थानात आले. विर्शिंग तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्यांनी 'प्रेम संन्यास', म्हणजेच 'लाइट ऑफ एशिया', चित्रित केला, फिल्मचे डबे घेऊन परत गेले, आणि चित्रपट पुरा झाला तो म्युनिकमध्ये. 'शिराज' (१९२८) आणि 'प्रपंच पाश' (१९२९) यांची तऱ्हाही तीच राहिली: चित्रीकरण राजस्थानच्या महालांत आणि वाळवंटात, कापणं-जोडणं युरोपात.

मूकपटाच्या काळात यात अडचण काहीच नव्हती. सीतादेवी पडद्यावर ओठ हलवत होत्या, पण त्या काय म्हणत आहेत हे म्युनिकच्या टेबलावरच्या माणसाला कळायची गरज नव्हती. डोळे, हात, हत्ती, मिरवणूक, सगळं दिसत होतं. शब्द हवे तिथे पाटी घालायची. जर्मनीत जर्मन पाटी, लंडनला इंग्रजी. पाट्या काढून दुसऱ्या लावल्या की चित्रपट भाषांतरित झाला! माझ्या धंद्यातल्या माणसाला हेवा वाटावा इतकं सोपं काम.

इथे जर्मन शब्दाबद्दल थोडं विषयांतर करते. मराठीत आपण 'संकलन' म्हणतो. कवितांच्या निवडक पुस्तकालाही संकलन आणि चित्रपटाच्या या कामालाही संकलन. वेचून गोळा करणं हा त्यातला भाव. जर्मन माणूस याच कामाला 'श्निट' म्हणतो. श्निट म्हणजे काप. शिंप्याची बेतणी, न्हाव्याचा केसांचा घाट, शेतातली कापणी, सगळ्यांत हाच शब्द. फ्रेंच 'मोंताज' म्हणजे यंत्राचे भाग जुळवणं. एकच टेबल, एकच कात्री, पण मराठी माणसाला तिथे वेचणी दिसते, फ्रेंचाला जोडणी दिसते आणि जर्मनाला काप दिसतो. आणखी एक शब्द जर्मन स्टुडिओंमध्ये चालत असे: 'क्लेबेरिन'. म्हणजे चिकटवणारी बाई. फिल्मचे तुकडे डिंकासारख्या सिमेंटने जोडत बसायचं काम शिवणकामासारखं, नेटकं आणि कमी पगाराचं, म्हणून ते बायकांना दिलं गेलं, आणि त्यांतल्या कित्येक जणी पुढे चांगल्या संकलक झाल्या. जर्मन चित्रपटात संकलक स्त्रियांची जी मोठी परंपरा आहे, तिचं मूळ या चिकटवण्याच्या टेबलात आहे.

१९३१ साली हिंदुस्थानात बोलपट आला आणि पाट्या बदलायची सोय संपली. १९३४ साली रॉय आणि देविकाराणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज काढली. संचालक मंडळात सर चिमणलाल सेटलवाड आणि एफ. ई. दिनशॉ यांच्यासारखी वजनदार माणसं. देविकाराणींनी बर्लिनच्या उफा स्टुडिओत उमेदवारी केली होती. तिथली शिस्त, तिथली यंत्रं आणि तिथल्या कामाची विभागणी त्यांनी पाहिली होती. तीच शिस्त मालाडला आणायची म्हणून ही म्युनिकची मंडळी आली. पण आता पडद्यावरची माणसं बोलत होती. आणि ती हिंदुस्थानीत बोलत होती.

ओस्टेनला हिंदी येत नव्हतं. कथा निरंजन पाल यांच्या. हे लाल-बाल-पाल यातल्या पालांचे, बिपिनचंद्रांचे चिरंजीव. बरीच वर्षं इंग्लंडात राहिलेले आणि इंग्रजीत लिहिणारे. त्यांच्या कथेचे संवाद जे. एस. कश्यप हिंदुस्थानीत लिहीत. ते संवाद देविकाराणी आणि अशोककुमार म्हणत. दोघांची घरची भाषा बंगाली. आणि ते बरोबर झाले की नाही हे ठरवणारा दिग्दर्शक बव्हेरियाचा. अनुवादाच्या वर्गात उदाहरण म्हणून सांगितलं तर विद्यार्थी हसतील अशी ही साखळी. ओस्टेनला कळत असणार तो सूर, चेहरा, अंगाची हालचाल. वाक्य कळत नव्हतं.

संकलनाला मात्र वाक्य कळल्याशिवाय चालत नाही. त्या काळी बोलपट कापायचा कसा ते सांगते. चित्राची पट्टी वेगळी आणि ध्वनीची पट्टी वेगळी. सेकंदाला चोवीस चौकटी. दोन्ही पट्ट्या जुळवून घ्यायच्या, कुठे थांबायचं ते ठरवायचं, कात्रीने कापायचं, कडेचा थर खरवडून सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. छापून तयार झालेल्या प्रतीत चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी नसतात. यंत्राच्या रचनेमुळे आवाज सुमारे वीस चौकटी पुढे छापलेला असतो. त्यामुळे तयार प्रतीवरच चित्र बघून काप मारला तर शब्दाचं शेपूट तुटतं किंवा दुसऱ्याच शब्दाचं डोकं आत येतं. हे सगळं सांभाळायचं तर वाक्यात क्रियापद कुठे येतं, जोर कोणत्या शब्दावर पडतो, ऐकणाऱ्याचा चेहरा कधी दाखवायचा, बोलणारा अजून बोलत असताना की संपल्यावर, हे कानाला कळायला हवं. जर्मनची पुष्कळ वाक्यं क्रियापद शेवटाला नेतात आणि हिंदी-मराठीची तर जवळजवळ सगळीच, तेव्हा श्वास रोखून धरायची कला ओस्टेनला परकी नसणार. पण कोणत्या वाक्यात कोणता श्वास, हे पैंना माहीत होतं.

कॅमेरा, प्रकाश, नेपथ्य, रसायनं ही कामं भाषेवाचून होतात. म्हणून तिथे जर्मन बसू शकले. चित्रपटाचा अर्थ जिथे शेवटी पक्का होतो त्या एका टेबलावर देशी माणूस लागला. मालाडच्या जर्मन पर्वाचा इतिहास लिहिणारे प्रकाशाबद्दल खूप बोलतात, आणि ते रास्तच आहे. विर्शिंगचा प्रकाश आहेच तसा. पण त्यामुळे असा समज होतो की हे चित्रपट जर्मनांनी केले आणि हिंदुस्थानी माणसांनी त्यांत काम केलं. हा हिशेब अर्धाच आहे.

'अछूत कन्या' (१९३६) पुन्हा पाहा. रात्रीची वेळ, रेल्वेचं फाटक, मोटारीतून आलेलं एक जोडपं अडकून पडतं, आणि तिथल्या एका स्मारकाची कथा त्यांना कळते. फाटकवाल्या हरिजनाची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांची ती कथा. परक्या प्रवाशाने यायचं आणि त्याला गोष्ट सांगितली जायची, हा ओस्टेनचा जुना साचा. 'लाइट ऑफ एशिया'ची सुरुवातही गोऱ्या पर्यटकांपासूनच होते. बाहेरून आत पाहणाऱ्या दिग्दर्शकाला हा साचा सोयीचा वाटत असावा. पण शेवट बघा. फाटकावर दोन पुरुष एकमेकांच्या जिवावर उठले आहेत, गाडी येते आहे, आणि कस्तुरी रुळांवरून गाडी थांबवायला धावते. हे सगळं एकाच वेळी घडतं आहे हे आपल्याला कळतं ते केवळ कापांमुळे. गाडी, बाई, मारामारी, पुन्हा गाडी. दर फेरीला तुकडे आखूड होत जातात. इथे बोलणं जवळजवळ नाही, म्हणजे ओस्टेनच्या मूकपटाची विद्या आणि पैंच्या हातातली कात्री यांची गाठ इथे पडते. पण त्याच चित्रपटात ज्या घरगुती प्रसंगांत लोक फक्त बोलत बसतात, तिथला संथ, न अडखळणारा ओघ मला जास्त मोलाचा वाटतो. गाडीचा प्रसंग कोणीही नावाजेल.

ज्या वर्षी अस्पृश्यतेविरुद्धचा हा चित्रपट पडद्यावर आला, त्याच वर्षी, १९३६मध्ये, त्याचा दिग्दर्शक नाझी पक्षाचा सभासद झाला. हे वाक्य मी सरळ लिहून ठेवते, कारण बॉम्बे टॉकीजच्या कौतुकात ते हळूच वगळलं जातं. वंशशुद्धीचा जयघोष करणाऱ्या पक्षाची वर्गणी भरणारा माणूस सेटवर जातिभेदाची शोकांतिका बसवत होता, आणि त्याला त्यात विसंगती वाटली नसेल तर त्याचं कारण कदाचित हेच की त्याच्या लेखी ती परक्या देशातली एक सुंदर, दुःखी गोष्ट होती. चित्रपटातला जो काही सल आहे तो पालांच्या लेखणीतून आलेला आहे. तोही, खरं सांगायचं तर, बेतानेच आलेला आहे. शेवटी मरते ती अस्पृश्य मुलगीच, आणि गाव होतं तिथेच राहतं.

या सुमारास महाराष्ट्रातच जर्मनीशी दुसराही व्यवहार चालला होता. कोल्हापूरच्या प्रभातने 'सैरंध्री' (१९३३) रंगीत करायचं ठरवलं आणि व्ही. शांताराम त्याच्या फिल्म घेऊन जर्मनीला गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत. पण तिथला चित्रपट आणि तिथली यंत्रं पाहून ते परत आले, आणि पुण्यात उभ्या राहिलेल्या प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) चंद्रमोहनच्या डोळ्याचं ते पडदा व्यापणारं चित्र दिसलं. मालाडने माणसं आणली. प्रभातने जर्मनीत जाऊन काय घ्यायचं ते निवडून आणलं. आणि प्रभातपुढे संकलनाचा एक प्रश्न असा होता की जो जर्मन तंत्रज्ञाला सुटलाच नसता. 'कुंकू' मराठीत आणि 'दुनिया न माने' हिंदीत, १९३७. 'माणूस' आणि 'आदमी', १९३९. गोष्ट एक, सेट एक, नट बरेचसे तेच, पण प्रत्येक संवाद दोनदा चित्रित केलेला. मराठी वाक्य आणि हिंदी वाक्य यांची लांबी सारखी नसते. मराठीत दोन शब्दांत झिडकारता येतं तिथे हिंदीला चार लागतात, कधी उलट. म्हणजे काप एकाच जागी पडत नाही. दोन भाषांतले हे चित्रपट शेजारी ठेवून पाहिले की भाषांतर म्हणजे शब्द बदलणं नव्हे, श्वासाच्या जागा बदलणं, हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं ते मला कुठल्याही सिद्धान्ताच्या पुस्तकात दिसलेलं नाही.

प्रभातच्या त्याच आवारात १९६०मध्ये सरकारी चित्रपट संस्था सुरू झाली. जर्मनी तिथेही आली, पण टेबलाच्या रूपाने: हँबुर्गच्या स्टीनबेक कंपनीचं आडव्या तबकड्यांचं संकलन यंत्र. 'जाने भी दो यारों' आणि 'परिंदा' कापणाऱ्या रेणू सलुजा याच संस्थेतल्या. म्युनिकच्या चिकटवणाऱ्या बायका आणि पुण्याची ही संकलक यांच्यात अर्धशतकाचं अंतर आहे.

सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू झालं. 'कंगन'चं काम चालू असताना ओस्टेनला अटक झाली. 'कंगन'ची नायिका लीला चिटणीस, धारवाडची, पदवीधर, मराठी रंगभूमीवरून आलेली. तिचा हा मालाडचा पहिला मोठा चित्रपट आणि ओस्टेनचा शेवटचा. जर्मन नागरिकांना इंग्रज सरकारने नजरकैदेत टाकलं. त्यांच्या छावण्या आपल्याच नगरला, देवळालीला आणि साताऱ्याला होत्या, आणि उत्तरेत डेहराडूनला; तिबेटात पळून गेलेला हाइनरिश हारर हा याच छावण्यांमधून फिरला. वय झालेला ओस्टेन १९४०मध्ये जर्मनीला परत गेला आणि १९५६मध्ये बव्हेरियात वारला. विर्शिंगने युद्धाची वर्षं तारेच्या कुंपणाआड काढली.

मे १९४०मध्ये हिमांशु रॉयही गेले. स्टुडिओ बंद पडेल असं कोणालाही वाटलं असतं. पण जर्मन गेल्यावर मालाडमध्ये यंत्रं होती, ती चालवायला शिकलेली माणसं होती आणि संकलनाच्या टेबलावर तोच माणूस होता जो आधी होता. त्यानंतर तीनेक वर्षांतच 'किस्मत' (१९४३) आला. दिग्दर्शन ज्ञान मुखर्जी, कॅमेरा आर. डी. परींजा, संकलन दत्ताराम पै. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला. त्यात एक गाणं आहे, रंगमंचावरचं, ज्यात परक्यांना देशातून निघून जायला सांगितलं आहे. कवी प्रदीप यांनी त्यात नाव घेतलं ते जर्मन आणि जपानी यांचं. प्रेक्षकांनी ऐकलं ते इंग्रजांचं. सेन्सॉरला एक अर्थ आणि थिएटरला दुसरा. जर्मनांनी उभ्या केलेल्या स्टुडिओत जर्मनांना ललकारी देऊन इंग्रजांना हाकलणं, असा हा तिपेडी प्रकार. मी अनुवादक म्हणून त्याला मनापासून नमस्कार करते.

युद्ध संपल्यावर विर्शिंग मालाडला परतला. त्याच्यापुढे जर्मनीचा रस्ता मोकळा होता, पण त्याने मुंबई निवडली. 'महल' (१९४९) पाहा: त्या पडक्या हवेलीतला झुलता दिवा, पाळण्यावरची सावली, अर्धा उजळलेला चेहरा. वीसच्या दशकातल्या जर्मन चित्रपटाची सगळी काळोखी त्याने अलाहाबादच्या एका घरात आणून ठेवली. दिग्दर्शक कमाल अमरोहींचा तो पहिला चित्रपट. पुढे बॉम्बे टॉकीज पन्नाशीच्या दशकात बंद पडली तेव्हा विर्शिंग अमरोहींबरोबर गेला. १९५६मध्ये 'पाकीजा' हाती घेतला गेला.

'पाकीजा'च्या रखडण्याच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. कृष्णधवलमध्ये सुरू झाला, मग रंगीत करायचं ठरलं, मग रुंद पडदा आला म्हणून सिनेमास्कोप. १९६४मध्ये मीनाकुमारी आणि अमरोही वेगळे झाले आणि काम थांबलं. १९६७मध्ये विर्शिंग मुंबईतच वारला. १९६८मध्ये संगीतकार गुलाम मोहम्मद गेले. १९६९मध्ये चित्रीकरण पुन्हा सुरू झालं, तेव्हा मीनाकुमारी गंभीर आजारी होती. उरलेलं काम निरनिराळ्या छायालेखकांनी पुरं केलं. ४ फेब्रुवारी १९७२ला चित्रपट लागला आणि ३१ मार्चला ती गेली.

या गोष्टी मेलेल्यांच्या आहेत. टेबलावर बसलेल्या जिवंत माणसापुढे काय होतं ते मात्र सहसा कोणी मोजत नाही. डी. एन. पै, म्हणजे 'अछूत कन्या'चेच दत्ताराम पै, यांच्यापुढे डब्यांत दशकाहून अधिक काळाची फिल्म होती. एका डब्यात तिशी न ओलांडलेली मीनाकुमारी, दुसऱ्यात चाळिशीच्या उंबरठ्यावरची आणि आजाराने सुजलेली. कथेत मात्र दोघी एकच बाई, आणि तिचं वय फारसं पुढे सरकलेलं नाही. एका डब्यात विर्शिंगचा प्रकाश, दुसऱ्यात त्याची नक्कल, तिसऱ्यात नक्कलही नाही. शेवटच्या मुजऱ्यात, जिथे साहिबजान फुटलेल्या काचांवर नाचते, तिथे नाचणारं शरीर बरंचसं पद्मा खन्नाचं आहे. चेहऱ्यावर ओढणी, आणि मधूनमधून मीनाकुमारीचे डोळे. किती चौकटी डोळे दाखवायचे आणि ओढणी कधी घ्यायची याचा हिशेब एका चौकटीने चुकला असता तर थिएटरात हशा पिकला असता. लोक रडले.

आणि 'पाकीजा'तही आगगाडी आहे. रात्रीच्या डब्यात झोपलेल्या बाईच्या पायांपाशी चिठ्ठी ठेवून कोणी निघून जातं आणि त्यानंतर कोठ्यावर दररात्री दुरून शिट्टी ऐकू येते. गाणं चालू आहे, लोक वाहवा करत आहेत, शिट्टी येते, आणि तिचा चेहरा. शिट्टी आधी आणि चेहरा नंतर, की चेहरा आधी? पैंनी आवाजाला पुढे जाऊ दिलं आहे. 'अछूत कन्या'त गाडी दिसत होती आणि ती माणसाला मारणार हे डोळ्यांना कळत होतं. इथे गाडी दिसायची गरजच उरलेली नाही. छत्तीस वर्षांत एकाच माणसाच्या हातून झालेला हा प्रवास आहे, मूकपटाच्या जर्मन विद्येपासून बोलपटाच्या आपल्या कानापर्यंतचा, आणि तो पाहायचा तर हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहावेत.

१९७२मध्येच जर्मनीत वेर्नर हेर्त्सोगचा 'अगिरे' आला. त्याची संकलक बेआटे माइन्का-येलिंगहाउस. जगभरच्या चित्रपट अभ्यासात तिचं नाव आदराने घेतलं जातं आणि घेतलं जायलाच हवं. आपल्याकडे 'पाकीजा'ला त्या वर्षी फिल्मफेअर मिळालं ते कलादिग्दर्शनाचं, एन. बी. कुलकर्णी यांना. कोठ्यांचे ते गुलाबी सज्जे त्यांचे, पारितोषिक योग्यच. विर्शिंगची छायाचित्रं त्याच्या कुटुंबाने जपली, २०१७च्या डिसेंबरात पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवात ती भिंतीवर लागली आणि मालाडच्या त्या दिवसांबद्दल पुन्हा लिहिलं-बोललं जाऊ लागलं. छायाचित्र भिंतीवर टांगता येतं. काप टांगता येत नाही. तो दोन चित्रांच्या मध्ये असतो.

'पाकीजा'च्या श्रेयनामावलीत छायालेखनाला मानाचं नाव आहे ते योझेफ विर्शिंगचं, पाच वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं. त्याने घेतलेली शेवटची चौकट चित्रपटात कुठे येते आणि पुढची, दुसऱ्या कोणाची, कुठे सुरू होते, हे मी जोडावर थांबून, मागे नेऊन, पुन्हा पुढे नेऊन शोधायचा प्रयत्न केला आहे. काही ठिकाणी रंगावरून अंदाज बांधता येतो. बहुतेक ठिकाणी पैंनी तो जोड दिसू दिलेला नाही.